पाणी कवा येतं ते सांगा

बोटीत पाणी येतंय असा निरोप गेला, की खिल्लारे तात्या तालुक्यातल्याच गोरेगावाहून यायचे, पण आल्या आल्या बोटीकडे मुळीच जायचे नाहीत. काठावरच्या बाभळीखाली एक सपाट दगड होता. त्यावर खिशातला रुमाल अंथरायचे, पँटची इस्त्री मोडू नये म्हणून गुडघ्याजवळ जरा वर ओढायचे आणि ऐसपैस बसायचे. मग समोरच्याला म्हणायचे, "पाणी कुठून येतं ते मला सांगू नका, ते माझं मी बघतो. कवा येतं ते सांगा."

मला याचा भयंकर राग यायचा. मी तेव्हा तळवाडीच्या उपकेंद्रात नर्स होते. राहायला सेनगावात. सकाळी जीपने घाटापर्यंत यायचं आणि तिथून धरणाचा फुगवटा बोटीने ओलांडून पलीकडे जायचं, हा रोजचा शिरस्ता. पाण्यावरून तळवाडी हाकेच्या अंतरावर, रस्त्याने मात्र सगळ्या फुगवट्याला वळसा. मांडीवर लसींची पेटी, पेटीतला बर्फ वितळायला लागलेला, आणि हे गृहस्थ रुमाल अंथरून गप्पा मारत बसलेले. एकदा मी बोललेच, "तात्या, आधी बोट बघा की." तात्या शांतपणे म्हणाले, "सिस्टरबाई, तुमी पेशंटला आधी सुई टोचता का आधी इचारता?" तरी राग काही गेला नाही.

ती बोट होतीच तशी तऱ्हेवाईक. मच्छीमार सोसायटीला ती कुणीतरी समुद्रावरून जुनी मिळवून दिली होती. तळ्यात आपण बघतो त्या बोटींचं इंजिन मागच्या बाजूला उघड्यावर टांगलेलं असतं. हिचं इंजिन पोटात होतं, आणि पंखा फिरवणारा धातूचा जाडजूड पाय मागच्या फळीतून बाहेर, पाण्यात. इंजिनापासून पायाकडे जाणारा दांडा ज्या भोकातून बाहेर पडतो, ते भोक चक्क पाण्याच्या पातळीखाली. त्या भोकावर वाजवायच्या पेटीच्या भात्यासारखा घड्याघड्यांचा रबरी भाता बसवलेला. पाय डावीउजवीकडे वळायचा, वरखाली व्हायचा, त्याच्याबरोबर भाता वाकायचा, ताणायचा, पण पाणी आत येऊ द्यायचा नाही. "हिचा जीव या भात्यात हाय," तात्या सांगायचे, आणि हे सांगताना आपण नवीनच काहीतरी सांगतोय असा त्यांचा चेहरा असायचा, मग आम्ही ते कितीदाही ऐकलेलं असो.

तात्या तरुणपणी कोकणात एका बोटीच्या कारखान्यात होते. पुढे गावी परत आले आणि गोरेगावात पाण्याच्या मोटारी आणि फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान टाकलं. परत का आलात, असं विचारलं की म्हणायचे, "आमच्या मंडळीला मासळीचा वास सहन होईना." तळवाडीची बोट आली तेव्हा सोसायटीवाल्यांनी पुण्यामुंबईकडे चौकशी केली, आणि शेवटी कुणीतरी सांगितलं की अहो, तुमच्या तालुक्यातच एक माणूस आहे. तेव्हापासून तात्यांची मान जी ताठ झाली ती झालीच. "सेनगाव तालुक्यात बोटीच्या पायाला हात लावणारा मी एकटा," असं ते ओळख करून देताना सांगायचे. ते खरंच होतं. तालुक्यात पाय असलेली बोटही ती एकच होती.

नम्रपणा त्यांच्या वाटणीला आलाच नव्हता. पांढराशुभ्र शर्ट, काळे केलेले केस, मानेवर पावडर. कामाला येतानासुद्धा पान्ह्यांच्या पिशवीत पावडरचा डबा असायचाच. मी सुरुवातीला त्यावरून मनातल्या मनात पुष्कळ हसून घेतलं. पुढे त्या डब्याचा दुसरा उपयोग बघितला.

मी त्यांचं काम पहिल्यांदा नीट बघितलं ते त्या वेळी. बोटीत घोट्याएवढं पाणी साचायला लागलं होतं. बोट चालवणारा मारोती हा सोसायटीतल्याच घरचा, सरळ आणि बोटीवर जीव टाकणारा माणूस. बोट चालवायचा परवाना तेवढ्या त्याच्याकडे होता. तो काकुळतीला येऊन म्हणाला, "कवा म्हंजे काय तात्या, येतच राहतं."

"रातभर उभी ऱ्हाते तवा?"

"न्हाई. सकाळी कोरडी असती."

"चालू केली की?"

"चालू केली की... निम्म्यात गेलं की पायाला लागतं."

"झालं तर मंग. बाहेरचं पाणी घुसून न्हाई राहिलं. भाता चांगला हाय. इंजिन थंड व्हायला जे पाणी ओढून घेतं, तेच आत सांडून राहिलं."

एवढं बसल्या जागी ठरवून मग ते उठले. बोट काठाला बांधून ठेवली, इंजिनाच्या आसपासचं सगळं फडक्याने कोरडं पुसलं आणि पिशवीतून पावडरचा डबा काढून सगळ्या नळ्यांवर, खाली फळीवर भुरभुरली. मग मारोतीला इंजिन चालू करायला सांगितलं. थोड्याच वेळात त्या पांढऱ्या पावडरीवर एक बारीक ओली रेघ उमटली आणि हळूहळू खाली सरकायला लागली. तात्यांनी रेघेवर बोट ठेवलं आणि ते उलट्या दिशेने वर नेत नेत एका नळीच्या खालच्या अंगाला थांबवलं. तिथली क्लिप गंजून तुटली होती. वरून बघणाऱ्याला ती जन्मात दिसली नसती. बोटीत दोन दिवस गुलाबाचा वास येत होता. तळवाडीच्या पोरी एकमेकींना म्हणायच्या, बोटीचं लग्न लागलं काय.

या पोरींबद्दल सांगायला हवं. तळवाडीची शाळा सातवीपर्यंत. पुढचं शिक्षण अलीकडच्या काठावर. मुलं सायकल काढायची, मोटारसायकलवर कुणाच्या मागे बसायची, नातेवाइकांकडे राहायची. पोरींसाठी बोट होती म्हणून आठवी होती. बोट बंद पडली तर त्यांना शाळेतून काढायचं का, असा प्रश्नसुद्धा कुठल्या घरात निघाला नसता. त्या आपोआप घरी बसल्या असत्या. हे तात्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांची स्वतःची बहीण शाळा लांब म्हणून चौथीनंतर घरी बसली होती. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही इंजिनात डोकं घालून, माझ्याकडे न बघता.

बोट कोरडी असली तरी तात्या अधूनमधून यायचे आणि पायातलं तेल थोडं काढून बघायचे. पायाच्या आत दातेरी चाकं असतात, ती तेलात बुडालेली असतात. एकदा तेल निघालं ते दुधाच्या चहासारखं. मारोती म्हणाला, "बोटीत तर थेंब न्हाई." तात्या म्हणाले, "बोटीत न्हाई, पायात हाय. तेलात पाणी गेलं की असं फेसाळतं. असंच ऱ्हायलं तर आतले दात गंजून जातील अन् एक दिवस मधीच पंखा फिरायचा न्हाई."

मग बोट ट्रॅक्टरने ओढून काठावर घेतली. तात्यांनी सायकलच्या पंपाने पायात हवा भरली आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. पंख्यामागे बुडबुडे उठले. पंखा काढला तर आत दांड्याभोवती हिरवा तंगूस गुंडाळलेला, घासून घासून वितळलेला आणि घट्ट कडं झालेला. जाळ्याचा धागा तो. त्याने सीलचं रबर कापून टाकलं होतं. भोवती सोसायटीचे सगळे मासे धरणारे उभे होते. आता हिरवं जाळं कुणाचं आहे हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, त्यामुळे सगळे आभाळाकडे बघायला लागले. मी म्हटलं, आता भांडण पेटणार.

तात्यांनी तो तंगूस कापला, पुडीत बांधला आणि खिशात टाकला. "कोणाचं जाळं हाय हे कळून मी काय करू?" ते म्हणाले. "बोटीला जायला वाट पाहिजे. रस्ता आखा." आणि आखायला लावलाच. दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचे रिकामे कॅन, दगड बांधून, या काठापासून त्या काठापर्यंत. कॅनांच्या मध्ये जाळं टाकायचं नाही. त्या तंगुसावरून आयुष्यभर एकमेकांशी बोलली नसती अशी माणसं एका होडीत बसून कॅन सोडत होती. मला तात्या त्या दिवशी मनापासून आवडले. अर्थात त्यांनी लगेच घोळ घातलाच. या वाटेला 'खिल्लारे मार्ग' म्हणा, असं ते सगळ्यांना सुचवत फिरले. कुणी म्हटलं नाही. एकटा मारोती फोनवर म्हणायचा, तेही तात्या शेजारी असले तर.

पुढच्या पावसाळ्याआधी तात्यांनी बोटीला नवा भाता बसवला. दोन दिवस वाळूत उताणं पडून काम केलं. रबराला हात लावायच्या आधी साबणाने हात धुवायचे आणि दुसऱ्या कुणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत. काम झाल्यावर म्हणाले, "आता काही वर्षं इकडं बघायची गरज न्हाई." लोकांनी ते मनावर घेतलं.

आणि मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी झाडून सगळी वाहनं धुतात. ट्रॅक्टरच्या, जीपच्या टायरांना डिझेलात जळकं तेल कालवून पुसतात, म्हणजे रबर काळंभोर चमकतं. त्या वर्षी सोसायटीने बोट काठावर ओढून तिची थाटात पूजा केली आणि तात्यांना सत्काराला बोलावलं. तात्या पूजाबिजा मानणारे नव्हते. "उद्या विहारात कार्यक्रम हाय, आज तुमच्याकडं," म्हणत आले. "हात तुमी जोडा. मी मशीनला पान्हा लावतो." पण सत्काराला ते नाही कशाला म्हणतील? फेटा बांधून घेतला, नारळ घेतला, झेंडूच्या माळा घातलेल्या बोटीजवळ उभे राहिले. मारोती सकाळपासून बोट पुसत होता, अजूनही त्याच्या हातात बोळा होता. "नवरीवाणी नटवली रे," तात्या त्याला म्हणाले. मीही तिथेच होते, पेढा खात. फोटो निघाले.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली. तळवाडीच्या सुनंदाचे दिवस भरले होते म्हणून मी आदल्या रात्री तिच्याच घरी मुक्काम केला होता. सकाळी कळा सुरू झाल्या. पहिल्याच फेरीला तिला बोटीत आडवं केलं, उशाशी सासू, आणि बाकी बोटभर दप्तरं घेतलेल्या पोरी. धरण तुडुंब भरलेलं. घाट समोर दिसायला लागला, मारोतीने डावीकडे वळण घेतलं, आणि फळीखालून पाणी आलं. आलं म्हणजे किती, तर बघता बघता नडगीला लागलं. पोरींनी डब्यांची झाकणं काढली आणि उपसायला लागल्या. एक जण रडत होती आणि उपसत होती. सुनंदाची सासू देवाचा धावा करत होती. मी सुनंदाचा हात धरला होता आणि मला पोहता येत नाही हे माझ्या डोक्यात सारखं फिरत होतं. मारोतीने इंजिन बंद केलं नाही, वळण सरळ केलं आणि होती तशी बोट चिखलात नेऊन घातली. सगळे उतरले. सुनंदाला सेनगावात मुलगी झाली, दोघी सुखरूप. 

तात्या दुपारीच आले. बातमी त्यांच्या आधी सगळीकडे पोचली होती, आणि बातमी अशी होती की खिल्लारेने बसवलेलं नवं रबर फाटलं. काठावर माणसं जमली होती आणि कुणी त्यांना नमस्कारसुद्धा केला नाही. तरी ते दगडावर बसले. रुमाल अंथरायचं विसरले. "कवा आलं?" त्यांनी विचारलं. माणसं पाठ फिरवून बोटीकडे बघत राहिली. शेवटी पल्लवी नावाची नववीतली पोरगी पुढे आली. "वळताना आलं."

"कोणीकडं वळताना, बाळा?"

"मी बसते त्या बाजूला. डावीकडं."

"अन् सरळ झाल्यावर?"

"थोडं कमी झालं."

तात्यांनी मान हलवली. "पाय डावीकडं वळला की भात्याची उजवी बाजू ताणती. उजवीकडं फाटलाय." बोट वर ओढल्यावर त्यांनी पायामागे हात घातला. चीर उजवीकडेच होती. पण त्यांनी हात लगेच काढला नाही. बोटांनी घड्या चाचपत राहिले. रबर फुगलं होतं, ओल्या गुळासारखं मऊ आणि चिकट झालं होतं. त्यांनी बोटं नाकाशी नेली. मी शेजारीच उभी होते. "डिझेल," ते मला म्हणाले, अगदी हळू. मग मारोतीकडे बघितलं. मारोतीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो आमच्यापुरतं पुटपुटला, "तात्या, म्या फक्त चमकवलं व्हतं. घड्या उघडून उघडून पुसलं."

दुसऱ्या दिवशी सोसायटीची बैठक बसली. तळवाडीची माणसं होती, सुनंदाचा नवरा होता, मलाही बोलावलं होतं. चेअरमन गणपतराव म्हणाले, "एक तर खिल्लारेंचं काम कच्चं, न्हाई तर मारोतीचा निष्काळजीपणा. काय ते आज ठरवू." लोकांचा कल उघड होता. बोट मारोतीच्या ताब्यात, तेव्हा आधी मारोतीला काढा. सुनंदाचा नवरा तर उभा राहूनच बोलत होता, आणि मी त्याच्या जागी असते तर मीही तेच म्हणाले असते. मारोतीला काढलं की परवाना असलेला दुसरा माणूस नव्हता. म्हणजे बोट काठाला लागणार आणि पोरी घरात बसणार. हे मला दिसत होतं, तात्यांना दिसत होतं. बाकीच्यांना त्या घटकेला तेवढं दिसत नव्हतं.

तात्यांना फार काही करावंच लागणार नव्हतं. डिझेल, एवढा एक शब्द सभेत बोलायचा आणि त्यांचं नाव पुन्हा लख्ख झालं असतं. गोरेगावच्या बाजारात त्या दोन दिवसांत लोक त्यांच्या दुकानापुढून हसत जात होते. या माणसाला नाव किती प्यारं आहे हे मी वर्षानुवर्षं बघत आले होते, त्यामुळे ते उठले तेव्हा मी खाली बघितलं.

"भात्याला डिझेल लागलं," तात्या म्हणाले. "त्यानं रबर मेलं. लावलं मारोतीनं."

सभेत गलका झाला. तात्या तो थांबेपर्यंत उभे राहिले.

"टायरला लावतात म्हणून त्यानं भात्याला लावलं. त्याला कसं ठाऊक व्हावं? त्या रबराला डिझेल चालत न्हाई, हे इथं एकाच माणसाला ठाऊक व्हतं. त्यो माणूस तिथंच उभा व्हता, फेटा बांधून. मारोतीच्या हातात बोळा व्हता, डिझेलचा वास येऊन राहिला व्हता. अन् त्यो माणूस कॅमेऱ्याकडं बघून राहिला. वरून म्हणला, नवरीवाणी नटवली." त्यांनी गणपतरावांकडे बघितलं. "भाता बसवताना मी कोणाला जवळ येऊ दिलं न्हाई. मारोतीला सांगितलं असतं का यात काय चालतं अन् काय न्हाई, तर ही येळ आली नसती. मला वाटलं, मी एकटाच बरा. काढायचं तर मला काढा. त्याला काढून बोट बंद करू नका."

 सुनंदाचा नवरा हळूच खाली बसला. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि माझे डोळे सहसा भरत नाहीत. मारोती राहिला. तात्याही राहिले.

नवा भाता हिंगोलीला कुरिअरने आला. या वेळी वाळूत दोघं उताणे पडले होते. पान्हा मारोतीच्या हातात, आणि तात्या शेजारून, "बराबर. आता जरा आवळ. जास्त न्हाई," असं सांगत होते. बोट पाण्यात उतरली, रिकामी फिरवून बघितली, थेंब आला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तळवाडीच्या काठावर पोरी दप्तरं घेऊन उभ्या राहिल्या, मागे त्यांचे आईबाप, आणि एकानेही पोरीला बोटीत चढू दिलं नाही. बोट रिकामी परत गेली. असे आणखी चारसहा दिवस गेले असते तर त्या पोरींची शाळा संपली होती. भाता नीट झाला होता, माणसांचं मन झालं नव्हतं, आणि ते कुठल्या पान्ह्याने आवळायचं हे कुणालाच कळत नव्हतं.

पुढच्या महिन्यात माझी कळमनुरीकडे बदली झाली. तात्या गेल्याचं मला तिकडे फोनवर कळलं. त्यांना मी नीट असं शेवटचं बघितलं ते बोट रिकामी परत गेली त्याच आठवड्यात, तळवाडीच्या काठावरून.

सकाळची वेळ. मी रात्री तळवाडीतच मुक्कामाला होते. पोरी आणि आईबाप पुन्हा तसेच उभे. बोट आली ती माणसांनी भरलेली होती. तात्यांच्या घरची सगळी मंडळी. दोन्ही मुलं, सुना, आणि नातवंडं. मागच्या टोकाला, जिथून पाणी आलं होतं नेमक्या त्या जागी, त्यांच्या पत्नी कौसल्याबाई. आयुष्यात विहिरीच्या काठालाही न जाणारी बाई, एका हाताने फळी आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याचा शर्ट गच्च धरून बसली होती. तात्यांनी मागची फळी उघडून ठेवली होती आणि ते पालथे पडून कमरेपर्यंत आत होते, हात भात्याच्या भोकाखाली धरून.

बोट काठाला लागली. कौसल्याबाईंनी डोळे उघडले, पोरींकडे बघितलं आणि म्हणाल्या, "या ग लेकरांनो. ह्यांनीच बिघडवली व्हती, ह्यांनीच नीट केली. मी बसले तर तुमाला काय व्हतंय?"

कुणीतरी हसलं. मग पल्लवी चढली. तिच्या मागे एकेक करत सगळ्या चढल्या. तात्यांची मुलं जागा करून द्यायला काठावर उतरली, कौसल्याबाई उतरल्या नाहीत. बोट निघाली. आम्ही सगळे काठावरून बघत होतो. मारोतीने कॅनांच्या मधून सरळ जायचं सोडून मुद्दाम डावीकडे पूर्ण वळण घेतलं, काठाजवळच, आमच्या डोळ्यांसमोर, एक सबंध गोल. तात्यांचं डोकं काही वर आलं नाही. नुसता एक हात वर आला, पंजा आमच्याकडे करून, आणि तो कोरडा होता.